विश्लेषण : बियाण्याची वाईट बातमी कंपनीने शेतकऱ्याला कधी सांगायची?

जालना जिल्ह्यातील खरीप म्हणजे प्रामुख्याने कापूस आणि सोयाबीन. कापूस बियाण्याचे पाकीट जूनमध्ये फुटते, पण ते बियाणे बोंडअळीपुढे टिकते की नाही हे दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडे फोडून पाहिल्यावर कळते. तोपर्यंत मशागत, खत, फवारणी आणि निंदणीचा पैसा जमिनीत गेलेला असतो. मोबाइलमध्ये बिघाड निघाला तर कंपनी तो परत घेऊ शकते; पेरलेले बियाणे परत घेता येत नाही. म्हणूनच आपल्या उत्पादनातील उणीव कंपनी कधी, कोणाला आणि कोणत्या भाषेत सांगते, हा प्रश्न शेतकऱ्यासाठी केवळ प्रतिमा सांभाळण्याचा नसून वर्षाच्या उत्पन्नाचा असतो. देशातील पहिले जनुकीय पीक बाजारात आणणारी कंपनी जालन्याचीच असल्याने या प्रश्नाचा जवळपास सगळा इतिहास याच कंपनीभोवती तपासता येतो.

जालना ‘बियाण्यांचे शहर’ कसे झाले?

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच ‘महिको’ सुरू केली. त्याआधी त्यांनी ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या वाणाचे बियाणे तयार करून विकले होते. संकरित ज्वारी, बाजरी आणि कापसाच्या बियाण्यांनी नंतर जालन्याचे नाव देशभर पोहोचवले. परिसरातील शेतकऱ्यांकडून करारावर बीजोत्पादन करून घेण्याची पद्धत रुजली आणि पुढे इतरही बियाणे कंपन्या या शहरात उभ्या राहिल्या. बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ मध्ये पद्मभूषण मिळाले. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या काळात कंपनी आणि शेतकरी यांच्यातील संवाद सोपा होता. बियाणे शेजारच्या शेतात दिसायचे, विकणारा गावात भेटायचा आणि पीक फसले तर जाब विचारायला तोच समोर असायचा. जनुकीय तंत्रज्ञान आल्यावर हे चित्र बदलले. बियाण्यातील महत्त्वाचा गुण डोळ्यांना दिसेनासा झाला. तो प्रयोगशाळेत मोजावा लागतो आणि त्याची माहिती सर्वात आधी कंपनीकडेच असते.

मार्च २०१० मध्ये नेमके काय जाहीर झाले?

केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने (जीईएसी) २६ मार्च २००२ रोजी महिकोच्या मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या बीटी कापूस संकरित वाणांना परवानगी दिली. त्यातील जनुक मोन्सँटो या अमेरिकी कंपनीचे होते. महिको आणि मोन्सँटो यांची संयुक्त कंपनी, म्हणजे महिको मोन्सँटो बायोटेक, हे तंत्रज्ञान इतर भारतीय बियाणे कंपन्यांनाही परवान्यावर देत होती. २००६ मध्ये एकाऐवजी दोन प्रथिने असलेले ‘बोलगार्ड-२’ आले. दशकभरात देशातील बहुतांश कापूस क्षेत्र बीटीखाली गेले.

मार्च २०१० मध्ये कंपनीने जाहीर केले, की २००९ च्या हंगामातील पाहणीत गुजरातमधील अमरेली, भावनगर, जुनागड आणि राजकोट या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या पिढीच्या बोलगार्डला दाद देत नसल्याचे आढळले आहे. ज्या उत्पादनावर व्यवसाय उभा, त्याची ढाल भेदली गेल्याचे कंपनीने स्वतःहून आणि पुढच्या पेरणीच्या तीन महिने आधी सांगितले. वेळेच्या कसोटीवर हे निवेदन उत्तीर्ण ठरते. अळी प्रतिकारक्षम होणे ही जैविक प्रक्रिया आहे आणि तीत लपवण्यासारखे काही नाही, हेही त्यातून मान्य झाले.

मग त्यावर आक्षेप का घेतले गेले?

निवेदनातील दोन गोष्टींमुळे. पहिली, कारणांची यादी. शेतकऱ्यांनी रेफ्युजी म्हणजे नॉन-बीटी कपाशीच्या ओळी पुरेशा लावल्या नाहीत आणि मान्यतेपूर्वीच अनधिकृत बीटी बियाणे पेरले गेले, ही कारणे ठळकपणे पुढे आली. दुसरी, उपाय. शेतकऱ्यांनी बोलगार्ड-२ कडे वळावे, असा सल्ला देण्यात आला. म्हणजे जुन्या उत्पादनाची उणीव आणि नव्या उत्पादनाची शिफारस एकाच पत्रकात आली. त्यामुळे ही कबुली होती की जाहिरात, असा प्रश्न काही शास्त्रज्ञ आणि कार्यकर्त्यांनी विचारला.

तांत्रिकदृष्ट्या सल्ला अगदीच चुकीचा नव्हता. दोन प्रथिनांवर एकाच वेळी मात करणे अळीला तुलनेने अवघड जाते. अडचण सांगणाऱ्याच्या हितसंबंधाची होती. तंत्रज्ञान शुल्क विकल्या गेलेल्या प्रत्येक पाकिटामागे मिळते. २०१६ मध्ये केंद्राने बोलगार्ड-२ च्या पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये आणि त्यातील शुल्क ४९ रुपये निश्चित केले. त्याआधी शुल्काचा वाटा याहून बराच मोठा होता. असा हितसंबंध असताना ‘नव्या तंत्रज्ञानावरही हाच धोका आहे आणि रेफ्युजी न लावल्यास तेही काही वर्षांत निकामी होईल’ हे वाक्य तितक्याच ठळकपणे, गावोगाव पोहोचायला हवे होते.

रेफ्युजी फसली ती कोणामुळे?

बीटी कपाशीवर जगणाऱ्या मोजक्या अळ्यांचे पतंग एकमेकांशीच जुळले तर पुढची पिढी प्रतिकारक्षम होते. शेजारी साधी कपाशी असेल तर तिथले साधे पतंग त्यांच्याशी जुळतात आणि प्रतिकाराचा वेग मंदावतो. अमेरिकन बोंडअळीला तूर, हरभरा, टोमॅटोचाही आधार मिळतो, त्यामुळे तिच्यासाठी साधे पतंग शिवारातच तयार होतात. गुलाबी बोंडअळी मात्र जवळजवळ पूर्णपणे कपाशीवर जगते. म्हणून तिच्यासाठी रेफ्युजी अत्यावश्यक होती.

नियमानुसार बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाणे दिले जात असे. शेताभोवती त्याच्या किमान पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल ते लावायचे होते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ती पुडी बांधावर पडून राहिली. दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला स्वतःच्या शेताचा पाचवा हिस्सा अळीला खाऊ घालायला सांगणे, हे कागदावर सोपे आणि शिवारात जवळपास अशक्य होते. त्याचे नुकसान आज होणार होते आणि फायदा सगळ्या परिसराला काही वर्षांनी.

ही अडचण कंपन्यांना पहिल्या काही हंगामांतच दिसत होती. तरी ‘शेतकरी सूचना पाळत नाहीत’ हे वाक्य वर्षानुवर्षे स्पष्टीकरण म्हणून वापरले गेले. बहुसंख्य ग्राहक एखादी सूचना पाळतच नसतील, तर दोष सूचनेच्या रचनेत आहे, असा याचा अभियांत्रिकी अर्थ होतो. अखेर नॉन-बीटी बियाणे पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत आली. त्यात ५ ते १० टक्के बियाणे नॉन-बीटी असते आणि शेतकऱ्याला वेगळे काहीच करावे लागत नाही. मात्र तोपर्यंत गुलाबी बोंडअळीने दोन्ही पिढ्यांच्या तंत्रज्ञानावर मात केली होती.

इतर कंपन्यांनी असे प्रसंग कसे हाताळले?

महाराष्ट्रातीलच एक उदाहरण येथे जुळते. ऑक्टोबर २००३ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरीच्या डेअरी मिल्क चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई सुरू केली. कंपनीचा पहिला पवित्रा ‘दुकानदारांनी साठवणूक नीट केली नाही’ असा होता. ते कदाचित खरेही असेल, पण ग्राहकाला त्यातून दिलासा मिळाला नाही. नंतर कंपनीने ‘प्रोजेक्ट विश्वास’ हाती घेऊन किरकोळ विक्रेत्यांकडील साठवणुकीची तपासणी सुरू केली आणि जानेवारी २००४ मध्ये अधिक पक्के, हवाबंद वेष्टन आणले. दुकानदार सुधारतील याची वाट न पाहता, साठवणूक वाईट झाली तरी माल टिकेल असे वेष्टन करणे, हा खरा बदल होता. त्यानंतर केलेल्या जाहिरातींवर लोकांनी विश्वास ठेवला, कारण हातातले पाकीट खरोखर बदललेले होते.

चॉकलेटच्या बाबतीत हे चार महिन्यांत घडले. बियाण्याच्या बाबतीत त्याला दशकाहून अधिक काळ लागला.

२०१७ च्या हंगामात काय झाले?

बोलगार्ड-२ वर गुलाबी बोंडअळी जगत असल्याच्या नोंदी २०१४ पासून गुजरातमध्ये होऊ लागल्या होत्या. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ त्याबद्दल सावध करत होते. २०१७ च्या खरिपात ही अळी मराठवाडा आणि विदर्भात पसरली. जालन्यासह कापूस पट्ट्यातील शेतकऱ्यांनी अळीने पोखरलेली बोंडे घेऊन कृषी कार्यालये गाठली. अनेकांनी उभ्या पिकात नांगर घातला.

डिसेंबर २०१७ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राज्य सरकारने कोरडवाहू कपाशीसाठी हेक्टरी ३०,८०० रुपये आणि बागायतीसाठी ३७,५०० रुपये मदत जाहीर केली. आपत्ती निवारण निधी, पीक विमा आणि बियाणे कंपन्यांकडून मिळणारी भरपाई अशा तीन स्रोतांतून ही रक्कम उभी राहणार होती. त्यानंतर चर्चा सुरू झाली ती जबाबदारी कोणाची यावर. मूळ प्रश्न मागे पडला. अळी जगत असल्याच्या नोंदी तीन वर्षांपूर्वीच्या होत्या, तर २०१७ च्या मे महिन्यात कृषी सेवा केंद्रात पाकीट घेणाऱ्या शेतकऱ्याला ‘या वाणात गुलाबी बोंडअळीपासून संरक्षण गृहीत धरू नका’ असे सांगायचे कोणी? ते वेळेत कळले असते तर कमी कालावधीचा वाण निवडणे, कामगंध सापळे लावणे, फरदड टाळणे हे निर्णय जूनमध्येच घेता आले असते. कपाशी सोडून दुसरे पीक घेण्याचाही पर्याय खुला होता.

सॉफ्टवेअर कंपन्या नव्या आवृत्तीसोबत ज्ञात त्रुटींची यादी प्रसिद्ध करतात. वाहन कंपन्या सदोष भाग बदलण्यासाठी गाड्या परत बोलावतात. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती, शुद्धता आणि तपासणीची तारीख छापावी लागते. कपाशीच्या संकरित वाणासाठी किमान उगवणशक्ती ७५ टक्के ठरवलेली आहे. पण ज्या गुणासाठी शेतकरी जादा पैसे मोजतो, तो गुण आपल्या जिल्ह्यात अजून शाबूत आहे का, हे पिशवी वाचून कळत नाही.

माहिती मागून घ्यावी लागली तर?

याचेही उदाहरण जालन्याच्या कंपनीशीच जोडलेले आहे. महिकोने विकसित केलेल्या बीटी वांग्याच्या सुरक्षितता चाचण्यांची माहिती माहिती अधिकारात मागण्यात आली तेव्हा व्यापारी गोपनीयतेचे कारण पुढे आले. वाद वरपर्यंत गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर २००८ मध्ये ही माहिती सार्वजनिक झाली. ऑक्टोबर २००९ मध्ये जीईएसीने वाणाला हिरवा कंदील दाखवला. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मात्र नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी बीटी वांग्याला स्थगिती दिली. निर्णयासोबत आलेली पत्रे, आक्षेप आणि शास्त्रज्ञांची मते असा शेकडो पानांचा दस्तऐवजही त्यांनी खुला केला.

स्थगिती योग्य होती की नाही, यावर आजही दोन मते आहेत. बांगलादेशाने २०१३ मध्ये याच तंत्रज्ञानाच्या बीटी वांग्याला परवानगी दिली. पण संवादाच्या दृष्टीने धडा स्पष्ट आहे. माहिती आधीपासून खुली असती तर सुनावण्यांत चर्चा तिच्यातील आकड्यांवर झाली असती. ती झगडून मिळाल्यामुळे चर्चा ‘लपवले काय होते’ यावर झाली. चाचण्या चांगल्या असल्या तरी त्यांचा फायदा कंपनीला मिळाला नाही.

कंपनीच्या स्वतःच्या माणसांचे काय?

बियाणे उद्योगात ‘आपली माणसे’ फक्त पगारपत्रकावर नसतात. करारावर बीजोत्पादन करणारा शेतकरी, हंगामापुरता नेमलेला क्षेत्र प्रतिनिधी आणि कृषी सेवा केंद्राचा चालक ही कंपनीची तोंडे आहेत. बीजोत्पादकाचा माल प्रयोगशाळेतील तपासणीनंतर आणि शेतात लावून पाहण्याच्या शुद्धता चाचणीनंतर स्वीकारला जातो. लॉट नापास झाला तर वर्षाचे कष्ट वाया जातात. अशा वेळी नुसते ‘नापास’ कळवणे आणि कोणत्या चाचणीत, किती टक्क्यांनी, कशामुळे हे कळवणे यात मोठा फरक आहे. पहिल्या प्रकारात संशय वाढतो, दुसऱ्यात पुढच्या वर्षी चूक सुधारता येते.

महाराष्ट्राला या प्रकारच्या संवादाची परंपरा आहे. लोखंडी नांगर बनवणाऱ्या किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये शं. वा. किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याची माहिती ग्राहक आणि कामगारांपर्यंत पोहोचवणारे हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून घराघरांत गेले. शेतकऱ्याला लोखंडी नांगराची भीती वाटत होती, ती त्याच्या भाषेत बोलूनच दूर करावी लागली. जालन्यातही खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातील मासिक चर्चासत्रात शेतकरी शास्त्रज्ञांना समोरासमोर प्रश्न विचारतात. अशा ठिकाणी कंपनीच्या निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याने नावानिशी उभे राहून उत्तरे दिली, तर त्याचे मोल छापील पत्रकापेक्षा जास्त असते. प्रतिनिधीला विक्रीचे लक्ष्य असते आणि दुकानदाराची कमाई पाकिटावर असते. वाईट बातमी सांगण्याचे काम त्या दोघांवर सोडले, तर ती शेतापर्यंत पोहोचत नाही.

कायदा शेतकऱ्याच्या बाजूने आहे का?

बियाणे कायदा १९६६ चा आहे. महाराष्ट्राने कापूस बियाण्यांसाठी २००९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. ग्राहक कायद्याचा आधार न्यायालयांनी अधिक पक्का केला आहे. १९९८ मध्ये महिकोच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की शेतकऱ्याने सगळे बियाणे पेरले असल्यास त्याच्याकडून नमुन्याची अपेक्षा करता येत नाही; कंपनीला हवे असल्यास तिनेच तपासणीची मागणी करायला हवी होती. जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले, की शेतकरी हा ग्राहक आहे आणि बियाणे कायदा असला तरी त्याला ग्राहक मंचाकडे जाता येते.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने ‘साथी’ हे पोर्टल सुरू केले. क्यूआर कोडवरून बियाण्याचा लॉट कुठून आला, हे शोधता यावे हा त्याचा उद्देश. मात्र बियाणे कुठून आले हे कळणे आणि ते अळीपुढे टिकेल का हे कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या माहितीसाठी जिल्हानिहाय पाहणीचे निष्कर्ष दर वर्षी पेरणीपूर्वी, मराठीत जाहीर होणे आवश्यक आहे.

पाकीट घेताना शेतकऱ्याने काय पाहावे?

- पक्की पावती घ्यावी. तिच्यावर वाण, लॉट क्रमांक आणि किंमत असावी. पाकीट, टॅग आणि शक्य असल्यास थोडे बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवावे.
- ‘गुलाबी बोंडअळीला चालते का?’ हा प्रश्न दुकानात सरळ विचारावा. उत्तर ‘हो’ असेल तर ते कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेले दाखवायला सांगावे.
- उगवण कमी झाली किंवा भेसळ दिसली तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. तालुकास्तरीय समितीने पिकाची पाहणी करून दिलेला पंचनामा पुढे ग्राहक आयोगात उपयोगी पडतो, म्हणून पाहणीआधी पीक मोडू नये.
- सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक मोफत आहे. मराठीत बोलता येते.

कंपन्यांसाठीही हिशेब अवघड नाही. मार्चमध्ये दिलेल्या वाईट बातमीने त्या हंगामातील काही पाकिटांची विक्री घटते. तीच बातमी शेतकऱ्याला ऑक्टोबरमध्ये बोंडातून कळली, तर त्या कंपनीचे पुढचे पाकीट तो घेईलच याची खात्री राहत नाही.